साडेतीन सेंटिमीटर

२ नोव्हेंबर, रविवार

सायकल आली!

दुपारी खोक्यातून काढली, हॉलमध्ये उभी केली, आणि समोर पाटावर बसून नुसता बघत राह्यलो. मंग एका हातानं उचलली. साडेनऊ किलो. आपला ज्वारीचा डबा याच्यापेक्षा जड आहे. मागचं चाक फिरवून सोडलं तर टिक-टिक-टिक करत अठ्ठावन्न सेकंद फिरत राह्यलं, तीन वेळा मोजलं. ज्या माणसानं हे चाक घडवलं त्याच्या हाताला सलाम.

कल्याणराव म्हणाले, "सर, रोजचं लिहून ठेवा, तरच प्रगती कळते." कल्याणराव म्हणजे आमच्या सायकल ग्रुपचे म्होरके, मोंढ्यात त्यांचं पाइपाचं दुकान आहे. म्हणून ही डायरी. तसंही मोजल्याशिवाय मला कशावरच विश्वास बसत न्हाई. एकवीस वर्षं एमआयडीसीतल्या बियाणे कंपनीच्या लॅबमध्ये आहे. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे आणि किती उगवले ते मोजायचं, हेच आयुष्य.

ध्येय लिहून ठेवतो : ११ जानेवारी, ग्रुपची दोनशे किलोमीटरची राईड. साडेतेरा तासांत पूर्ण करायची. न्हाई झाली तर प्लँटमधले लोक वर्षभर मला "दोनशे साहेब" म्हणतील, कारण मी आधीच पेढे वाटून बसलोय.

ग्रुपचा मेकॅनिक पप्पू घरी येऊन सीट माझ्या मापाला लावून गेला. पायडलच्या मधल्या बोल्टापासून साडेबहात्तर सेंटिमीटर. दांडीवर तिथं मी पांढरी टेप चिकटवली.

बायकोनं, बेबीनंदानं, सीटवर हात ठेवला तेव्हा म्हटलं, "बेबी, हात नको. नाजूक चीज आहे. दूध आणायची सायकल न्हाई ही."

"बरं," म्हणाली. पण लई वेळ तिथंच उभी राह्यली. तव्यावरची भाकरी करपली.

५ नोव्हेंबर, बुधवार

पहिली पाळी. सव्वासहाला घर सोडलं, साडेतीनला परत. चार वाजता पहिली खरी राईड. १४ किमी.

काय सांगू! पायडल मारलं न मारलं तोच सायकल पुढं. आवाज न्हाई, खडखड न्हाई. रोज कंपनीच्या बसमधून जातो तोच रस्ता, पण बसमधून त्याला चढ आहे हे एकवीस वर्षांत कळालं न्हाई. दम लागून एका लिंबाखाली थांबलो आणि स्वतःच्या छातीचा आवाज ऐकला. इतक्या जोरात चालणारं यंत्र माझ्या आत आहे आणि मी त्याला दिवसभर खुर्चीवर बसवून ठेवतो.

घरी आलो तर पाय थरथरून राह्यले होते. बेबीनंदानं गरम पाणी दिलं आणि विचारलं, "ब्रेक कोणत्या हाताचा आधी दाबायचा वो?" मी नीट समजावून सांगितलं. बायकोला नवऱ्याच्या छंदात रस असावा, तसा तिला आहे.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

सीट घसरली. बसल्याबरोबर गुडघे दुमडल्यासारखे वाटले म्हणून मोजलं. एकोणसत्तर! साडेतीन सेंटिमीटर खाली. पप्पूनं बोल्ट बराबर आवळला न्हाई, दुसरं काय. जीव तोडून आवळला. १२ किमी.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

या आठवड्यात दुसरी पाळी, त्यामुळं पहाटेच्या राईडी. सीट जागेवर. एवढी मेहनत घेऊन आवळल्याचा फायदा.

आज अंबड रोडला २६ किमी. सूर्य उगवला तेव्हा दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, वर दव. एवढं पांढरं एकदम डोळ्यांवर आलं की मी सायकल थांबवून उभाच राह्यलो. याच कापसाचं बी मी रोज चिमट्यानं उचलतो आणि मला ते कधी सुंदर वाटलं न्हाई.

रात्री जेवताना बेबीनंदा म्हणाली, "चढ आला की गिअर आधीच टाकायचा का चढ लागल्यावर?" म्हटलं आधीच. ती मान हलवत भाकरी मोडत राह्यली. हिला आता सायकलशास्त्र तोंडपाठ होणार. अंगणवाडीत सेविका आहे, तिथल्या लेकरांना शिकवेल.

१९ नोव्हेंबर, बुधवार

पहिली पाळी, आणि सीट परत खाली! परत एकोणसत्तर!

आता मला यात नियम दिसून राह्यलाय. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात, म्हणजे मी पहाटे चालवतो तेव्हा, सीट घसरत न्हाई. पहिल्या पाळीत सायकल दुपारपर्यंत हॉलमध्ये उभी असते तेव्हा घसरते. म्हणजे चालवल्यानं न्हाई, उभी राह्यल्यानं घसरते. विचित्र आहे, पण निरीक्षण ते निरीक्षण.

आणखी एक. दांडीवर बारीक लाल ठिपका दिसला. आधी ध्यानात आल्ता न्हाई. कंपनीनं केलेली खूण असावी. आणि कमाल बघा, सीट घसरते ती बिलकुल त्या ठिपक्यावर येऊन थांबते. एक मिलिमीटर इकडं न्हाई की तिकडं न्हाई. घसरायचं तर कुठपर्यंत, हेसुद्धा ज्यांनी आधीच ठरवून ठेवलं त्या कारागिरांपुढं हात जोडावेत.

२० नोव्हेंबर, गुरुवार

थंडीनं धातू आकसतो म्हणून हिशोब केला. एवढ्या दांडीला जालन्याच्या थंडीत फार तर मिलिमीटरचा सातवा भाग आकसता येईल. साडेतीन सेंटिमीटर न्हाई. तपास चालू.

२३ नोव्हेंबर, रविवार

ग्रुपबरोबर राजूरपर्यंत. शेवटच्या चढाला जीभ बाहेर आली. कल्याणराव माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे, गप्पा मारत वर गेले. पण गेलो! वरून खाली बघितलं तर तो सगळा रस्ता दोरी टाकल्यासारखा पडलेला, आणि तो माझ्या पायांनी मागं टाकलेला. लेकीला, अक्षताला, नागपूरला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "पप्पा, ग्रेट! मम्मीला पण घेऊन जा ना एखाद्या वेळी." म्हटलं, "अगं, मम्मीला कुठं झेपतंय."

घरी येऊन बेरीज केली. डायरीप्रमाणं एकूण १७१ किमी. सायकलवरचा मीटर दाखवतो २५२. एक्क्याऐंशी किलोमीटर जास्त! मीटर खराब लागला.

३ डिसेंबर, बुधवार

पहिली पाळी. सीट खाली. आता राग येत न्हाई, नुसता वर करतो.

मीटरचं मात्र डोक्यावरून पाणी गेलं. माझे २९०, तो म्हणतो ४३०. आणि कमाल वेग दाखवतो ५२.४! मी उताराला एक्केचाळीसच्या वर गेलो तर दोन्ही ब्रेक धरतो. मीटरच्या कंपनीला फोन लावला. तिकडच्या मुलीनं विचारलं, "सर, सायकल आणखी कुणी वापरतं का?" मी म्हणालो, "बाई, मी दाणे मोजणारा माणूस आहे, मला मोजायला शिकवू नका." जरा जास्तच बोललो.

मंग सायकल पप्पूकडं नेली. त्यानं दांडी काढली, पुसली, लाल ठिपका अंगठ्यानं घासून बघितला आणि हसला.

"साहेब, दांडी घसरत न्हाई."

"मंग सीट खाली कशी येते?"

"घरातल्या भुताला इचारा."

उंटावरचा शहाणा. कामाचं सांगता येईना की भुताखेताच्या गोष्टी. त्याला म्हटलं, आपल्या घरात भूत-बित चालत न्हाई, बाबासाहेबांनी काढून टाकलंय ते. तो आणखीच हसला.

एक चांगलं : स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बेबीनंदा अंगणवाडीच्या लेकरांची हजेरी लिहिते वाटतं. गेल्या महिन्यात ६, १३, २२ असे आकडे होते, परवा २८, काल ३१. वस्तीतली लेकरं येऊन राह्यलीत. बाईच्या कामाला यश आहे.

६ डिसेंबर, शनिवार

सायकल न्हाई. सकाळी दोघं पुतळ्यापाशी वंदनेला गेलो. बेबीनंदा पांढऱ्या साडीत. पायऱ्या चढताना मी धापा टाकत होतो, ती वर जाऊन माझी वाट बघत उभी. एवढी राईड करतो, तरी हे असं.

१४ डिसेंबर, रविवार

हसनाबाद, जाऊन-येऊन ८३ किमी! माझ्या आयुष्यातली सगळ्यात लांब राईड.

गावाच्या अलीकडं शेतकऱ्यांनी रस्त्यावरच तुरीचं भुसकट पसरलं होतं. कल्याणराव ओरडले, "ब्रेक न्हाई, हँडल सरळ!" आम्ही दहा जण त्यावरून एका ओळीत चुरचुर करत गेलो, कुणी पडलं न्हाई. हॉटेलात पोहे खाल्ले. दोनशे आता स्वप्न वाटत न्हाई. भीती मात्र वाटते, ती लिहून ठेवतो. शेवटचे वीस किमी पाय माझे नव्हते. सरासरी एकोणीस. त्र्याऐंशीला ही गत तर दोनशेला काय?

संध्याकाळी बेबीनंदा माझ्या पोटऱ्यांना तेल लावत होती. म्हणाली, "त्या दोनशेमधी बाया असत्यात का?"

"असतात की. पुण्याकडच्या एखाद-दोन."

"अच्छा."

मंग तिनं पोटरी इतकी जोरात दाबली की मी ओरडलो. हाताला काय ताकद आलीय या बाईच्या.

१७ डिसेंबर, बुधवार

हेल्मेटच्या पट्ट्याला मोगऱ्याच्या तेलाचा वास. खुंटीवर तिच्या ओढणीशेजारी टांगतो म्हणून असेल. ओढणीलाही काळा डाग. म्हणाली, तव्याचं काळं आहे.

कॅलेंडरवर सोमवारी ३४, काल ४१, आज ३८. अंगणवाडीची जागा पुरायची न्हाई आता. बेबीनंदा चार भाकरी खाते आणि पाठ टेकल्याबरोबर झोपते. लेकरं दमवत असतील.

२८ डिसेंबर, रविवार

आज जे झालं ते क्रमानं लिहितो, न्हाईतर मलाच उद्या खरं वाटणार न्हाई.

शेवटची मोठी तयारी, एकटा, दीडशेचं ठरवून निघालो. बेबीनंदा कालपासून माहेरी, घनसावंगीच्या अलीकडं. वेचणीला बाया मिळंनात म्हणून सासूबाईंनी बोलवलं होतं.

अंबड सोडून दहा-बारा किमी गेलो आणि पुढचं चाक बसलं. ट्यूब बदलली. शिस्तीत, पुस्तकाप्रमाणं. दीड किमीवर परत बसलं. दुसरी ट्यूब. तीही दोन किमी टिकली न्हाई. आता ट्यूब संपल्या. जुनीला ठिगळ लावावं तर सोल्युशनची नळी सुकलेली. रस्त्याच्या कडेला बसलो. दोनशेला चौदा दिवस, आणि मी पन्नास किमीच्या आतच गार. खोटं कशाला, डोळ्यांत पाणी आलं. बेबीनंदाला फोन केला, म्हटलं कुणाची गाडी मिळते का बघ.

"कुठं हाईत? बरं. बसा तिथंच, आलेच."

बावीस मिनिटांत आली. गाडीवर न्हाई, तिच्या वडिलांच्या काळ्या सायकलवर. सासरे भिवाजी जाऊन आठ वर्षं झाली, सायकल घरात तशीच उभी आहे. ओढणी कमरेला गुंडाळलेली, हँडलला पिशवी. सहा किलोमीटर बावीस मिनिटांत, त्या लोखंडाच्या धुडावर! रस्ता उताराचा असेल म्हटलं.

"काय झालं वो?"

"तीन वेळा पंक्चर. ट्यूबच खराब निघून राह्यल्यात."

"तिन्ही?" तिनं चाक सोडवलं. म्हणजे काय, ब्रेकची कळ दाबून, खटका उलटा करून, ज्याला शिकायला मला चार दिवस लागले ते तिनं बोलता बोलता केलं. टायर काढलं. बांध ओलांडून कपाशीत गेली, एका बोंडातला कापूस ओढून आणला, आणि तो टायरच्या आतून हलक्या हातानं फिरवत गेली. अर्धा फेरा झाला आणि एका जागी कापूस अडकला. तंतू ताणले गेले. तिनं नखांनी चिमटून बाहेर काढलं ते बाभळीच्या काट्याचं टोक, तिळाहून लहान.

मी दोन्ही वेळा नवी ट्यूब त्याच काट्यावर नेऊन बसवली होती. एकवीस वर्षं भिंगाखाली दाणे बघणारा मी!

"हे तुला कसं सुचलं?"

"कापूस येचताना बोटात बारीक काटा गेला की दिसत न्हाई. कापूस फिरवला की तिथं अडकतो. आईनं शिकवलं." हँडलच्या पिशवीतलं ठिगळ लावता लावता म्हणाली. "डोळ्याला दिसंना ते कापसाला कळतंय."

चाक बसवलं, हवा भरली. म्हणाली, "थांबा, बराबर बसलं का बघते." आणि मंग ते झालं. तिनं माझ्याकडं न बघता सीटखालच्या पिशवीचा डावा कप्पा उघडला, पाना काढला, बोल्ट सैल केला, सीट खाली दाबली. लाल ठिपक्यापर्यंत. आवळला. टांग टाकली.

आणि थबकली. पाना हातातच. तोंड पांढरं पडलं.

मी ठिपक्याकडं बघितलं, तिच्या नखांकडं बघितलं. तोच लाल रंग, अर्धा उडालेला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. माझा वळसा तर दोन महिन्यांचा.

"बेबी," एवढंच तोंडातून निघालं.

"बोलू का चालवू?" तिनं विचारलं. 

"चालव."

ती गेली. मी पुष्कळ जण बघितलेत सायकलवर, ग्रुपमधले, व्हिडिओतले. असं कुणी न्हाई. पाठ वाकलेली पण सैल, कोपरं आत, डोकं हलत न्हाई. फक्त पाय, आणि तेही जोर लावताना दिसत न्हाईत. खड्डे आले तरी वेग कमी झाला न्हाई. पांढऱ्या कपाशीमधून ती हिरवी ओढणी सरकत सरकत वळणावर गेली, आणि मी रस्त्यात उभा. अंगावर काटा आल्ता. माझ्या घरात, माझ्या शेजारी झोपणारं हे माणूस कोण आहे?

भिवाजींच्या सायकलवर बसून मागं निघालो. तेव्हा कळालं की तिच्या गावाकडं जायला उतार आहे. म्हणजे ती आल्ती तो चढ होता. सगळा.

सासूबाई चांगुणाबाई ओट्यावर बसल्या होत्या. "जयभीम जावई. तुम्ही धुडावर आन् ती तुमच्या सायकलवर?" म्हणाल्या. "ती तशीच. सातवीपर्यंत मागं मला, पुढं कापसाचं गाठोडं घेऊन खरेदी सेंटरला न्यायची. मंग भावांना सायकल लागली, हिची सुटली. तीन दिवस जेवली न्हवती."

मी पंचवीस वर्षं संसार केला, हे मला कुणी सांगितलं न्हाई. मी विचारलंही न्हाई.

२९ डिसेंबर, सोमवार

सकाळपासून बोललो न्हाई. कालचं नवल आज रागात गेलं, तेही लिहितो. माझी सायकल. माझी राईड. आणि मी मूर्ख. पप्पूला माहीत, त्या फोनवरच्या मुलीला कळालं, मलाच न्हाई.

ड्युटीवरून येऊन कॅलेंडरची पानं उलटली. सहा, तेरा, बावीस, अठरा, बावीस... अंगणवाडीची लेकरं म्हणे! सगळी बेरीज केली. तीनशे पंच्याऐंशी. मीटरमधून माझे किलोमीटर आणि कालचे तिचे वजा केले. तीनशे पंच्याऐंशी. एकाचाही फरक न्हाई.

"एक्केचाळीस किती वेळात केलेस?" दिवसभरातला माझा पहिला प्रश्न.

"तुम्ही सव्वासहाला जाता. मी साडेसहाला निघते. आठ वाजून पाच मिनिटाला घरी."

सव्वीसची सरासरी. माझी एकोणीस.

"मला का न्हाई सांगितलं?"

ती ओट्याकडं तोंड करून होती. "तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणला, हात नको. पण तुम्ही गेल्यावर ती हॉलमधी उभी असायची. तीस वर्षांनी अशी समोर उभी. मला ऱ्हावलंच न्हाई वो. आन् एकदा बसले, मंग भ्याले. तुम्हाला सांगितलं तर बंद होईल. सीट वर करायची ध्यानात ऱ्हायची न्हाई, अंगणवाडीची घाई. रोज वाटायचं, आज कळतंय, आज कळतंय. तुम्ही आपले बोल्ट आवळत बसायचे."

हसू आलं. दाबायचा प्रयत्न केला, न्हाई जमलं. तीही हसली, आणि मंग रडली.

३० डिसेंबर, मंगळवार

रात्रभर विचार केला. दोनशे मला झेपेल का, याचं उत्तर मला हसनाबादपासूनच माहीत होतं. लिहायची हिंमत न्हवती. सायकल एक आहे. कल्याणरावांना फोन लावला : माझं नाव काढा, बेबीनंदाचं घाला.

"सर, मॅडमला झेपेल का?"

"मला झेपेल का, हे तुम्ही कधी विचारलं न्हाई."

 ते म्हणाले, उद्यापर्यंत बदलता येतं, पाठवा आधार कार्ड.

तिला सांगितलं तर म्हणाली, "एक्केचाळीसच्या वर मी कधी गेले न्हाई." मी घाबरलो. ती म्हणाली, "पाय थांबले न्हवते. येळ संपायचा."

प्लँटमध्ये सांगून टाकलं. पेढे परत देणार न्हाई म्हणाले.

४ जानेवारी, रविवार

बेबीनंदा १२० किमी. परत येऊन तिनं भांडी घासली. मी मधे पडून घासणी हिसकावली.

मीटरच्या कंपनीला फोन करून त्या मुलीची माफी मागितली. तिला मी आठवत होतो.

११ जानेवारी, रविवार

सकाळी सहाला एकोणीस जण सुटले. तिच्या खिशात शेंगदाणा-गुळाचे लाडू, पिशवीत दोन ट्यूब, आणि काडेपेटीत कापूस.

माझी ड्युटी घनसावंगीच्या थांब्यावर, पंचावन्नाव्या किमीला. प्रत्येकाच्या कार्डावर शिक्का मारायचा. मी हिशोब केल्ता : थंडी, अंधार, नवखी बाई, साडेआठच्या आत येत न्हाई. म्हणून टेबल जीपमध्येच ठेवून चहा घेत होतो. आठ वाजून बारा मिनिटं. समोर हिरवी ओढणी.

"टेबल कुठंय?"

हातातला कप सांडला. बाकीचे अंबडला नाश्त्याला थांबले होते, ही थांबली न्हाई. शिक्का सापडंना. जीपमध्ये न्हाई, पिशवीत न्हाई. तिनं माझ्या स्वेटरच्या खिशाकडं बोट दाखवलं. तिथंच होता. घाईत शिक्का उलटा उमटला.

"पाणी?"

"हाय." आणि गेली. तिला कमी मोजायची माझी खोड अजून गेली न्हाई, हे मला तिच्या पाठीकडं बघताना कळालं.

म्हणून दुपारचा हिशोब चढा केला. गोदावरीच्या (इकडं तिला गंगाच म्हणतात) पुलावरून माघारी, मंग राजूर रोडचा फेरा : चार वाजता जालन्यात. पावणेचारलाच शेवटच्या थांब्यावर उभा राह्यलो. चारला एक जण आला. कल्याणराव साडेचारला. म्हणाले, पुलाच्या पुढं दिसल्या न्हाईत. फोन लागंना. पावणेपाच, पाच. रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या धावून राह्यल्या, दोन-दोन जोडलेल्या, चालकाला मागचं काही दिसत न्हाई.  मनात म्हटलं, वेळ गेली खड्ड्यात, मेडल गेलं खड्ड्यात, फक्त ती दिसू दे.

पाच वाजून चोवीस मिनिटांनी आली. एकोणीस जणांत तिसरी. अकरा तास चोवीस मिनिटं. तोंडावर उसाचं पाचट, धूळ. सायकल माझ्या हातात दिली आणि फुटपाथवर बसली.

"कुठं होतीस? मी इथं मरून राह्यलो!"

"पुलावर थांबले होते."

"पंक्चर?"

"न्हाई. नुसती थांबले." पाण्याची बाटली तोंडाला लावली. "गंगेला पाणी हाय अजून. कठड्याला सायकल टेकवली आन् बसले. कुणी हाक मारंना, कुणाला वाढायचं न्हाई, कुठं जायची घाई न्हाई. पाऊण तास बसले असेल. मला वाटलं, येळ तर पुष्कळ हाय."

पाऊण तास! माझ्या दोनशेच्या हिशोबात पाऊण तास बसायला जागाच न्हवती. तिच्यात होती. मी तिच्याशेजारी फुटपाथवर बसलो. लोक मेडल घालायला आले, फोटोला उठा म्हणाले. ती म्हणाली, थांबा जरा. आम्ही दोघं तसेच बसून राह्यलो.

१२ जानेवारी, सोमवार

पहिली पाळी. साडेतीनला घरी आलो. बेबीनंदा अंगणवाडीवरून येऊन झोपलेली. मेडल कॅलेंडरच्या खिळ्याला.

सायकल काढली, सवयीनं पाना घेतला. गरज न्हवती. सीट वर होती, माझ्या पांढऱ्या टेपेवर, मिलिमीटरला बराबर. दोनशे किलोमीटर चालवून आल्यावर, पाठ टेकायच्या आधी, तिनं बोल्ट सैल करून सीट माझ्यासाठी वर केली होती.

मी ती परत खाली घेतली, लाल ठिपक्यावर. आणि तशीच चालवली. गुडघे हँडलला लागत होते. मोंढ्यापाशी पप्पूनं बघितलं आणि हात वर केला.

गुडघे दुखून राह्यलेत. दुखू दे.

आजचे किलोमीटर : ९. मीटर बराबर आहे.